महाविद्यालयीन गणित आणि पदवीची वाट

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी ‘गणिताचे महत्त्व’ या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी इच्छा प्रदर्शित केली. तथापि गणिताचे महत्त्व पटवून देण्याची आवश्यकता या सभेत फारशी उरलेली नाही असे मला वाटते. आज ज्यांनी पारितोषिके स्वीकारली त्यांतील अनेकांना गणितात उत्तम गुण आहेत, आणि त्यांचे आईवडील मोठ्या कौतुकाने समोर बसलेले आहेत. मला चिंता वाटते ती आजची नव्हे. आणखी दीड-दोन वर्षांनी असा एक दिवस उगवेल की, आज टाळ्यांच्या गजरात ज्याचे नाव पुकारले गेले तो विद्यार्थी पदवीच्या दुसऱ्या वर्षात चाचपडत असेल, घरी काय सांगावे हे त्याला उमगत नसेल, आणि त्या दिवशी त्याच्यासाठी कोणतीही सभा भरलेली नसेल. मी आयुष्याचा बराच काळ महाविद्यालयात गणित शिकविण्यात घालविला. हुशार मुले नेमकी कोठे थबकतात हे त्या काळात पुष्कळ पाहिले. म्हणून चिटणिसांच्या अनुमतीने विषय किंचित बदलून, महाविद्यालयातील गणित म्हणजे काय आणि त्यातून पदवीपर्यंतची वाट कशी आखावी, याविषयी मी बोलणार आहे.

प्रथम एक गोष्ट पालकांनी ध्यानी घ्यावी. शाळेतील गणित आणि महाविद्यालयातील गणित यांचे नाव एक असले तरी त्यांचा स्वभाव एक नाही. शाळेत उत्तर विचारतात. महाविद्यालयात कारण विचारतात. शाळेत रीत ठाऊक असली, हात बसलेला असला आणि घाई केली नाही, की पैकीच्या पैकी गुण मिळतात. महाविद्यालयात पहिल्या काही आठवड्यांतच ‘सिद्ध करा’ हे दोन शब्द समोर येतात आणि तेथे रीत पुरी पडत नाही.

याचे एक उदाहरण देतो. ते समजण्यास बेरीज-गुणाकारापलीकडे काही लागत नाही. कोणतीही संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा आणि वर ४१ मिळवा. एक घेतला तर ४३ येतात, दोन घेतले तर ४७, तीन घेतले तर ५३, चार घेतले तर ६१. या साऱ्या मूळ संख्या आहेत. आपण उत्साहाने पुढे जातो. दहा, वीस, तीस, करीत करीत एकोणचाळीसपर्यंत पोहोचतो. प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळते. एकोणचाळीस वेळा जे घडले ते चाळिसाव्या वेळीही घडणारच, असे व्यवहारी मनुष्य म्हणेल. परंतु चाळीस घेऊन पाहा : १६०० अधिक ४० अधिक ४१ म्हणजे १६८१, आणि १६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१. ती मूळ संख्या नव्हे. गणितात ऑयलरच्या नावाने प्रसिद्ध असलेले हे सूत्र आपणांस एकच धडा शिकविते. एकोणचाळीस साक्षीदार उभे केले तरी ती सिद्धता होत नाही. आणि उलट, विरुद्ध साक्ष देणारा एक जरी निघाला तरी विधान कोसळते. हा धडा ज्याच्या अंगी मुरला तो महाविद्यालयीन गणिताच्या दारातून आत आला असे समजावे.

दुसरी अडचण भाषेची आहे. पुष्कळांची समजूत अशी की, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी पुस्तके जड जातात म्हणून ती गणितात मागे पडतात. ते अंशतः खरे आहे. पण इंग्रजी माध्यमातील मुलेही त्याच ठिकाणी अडखळतात हे मी पाहिले आहे. अडचण ‘प्रत्येक’ आणि ‘एक तरी’ या दोन साध्या शब्दांच्या क्रमाची असते. ‘या घरातील प्रत्येक कुलुपाला किल्ली आहे’ हे एक विधान झाले. ‘या घरात अशी एक किल्ली आहे की जी प्रत्येक कुलुपाला लागते’ हे दुसरे. कोणतीही गृहिणी सांगेल की या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या घरात किल्ल्यांचा जुडगा आहे, दुसऱ्या घरात एकच किल्ली आहे. विद्यार्थी मित्रांनो, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात ‘कंटिन्युइटी’ आणि ‘युनिफॉर्म कंटिन्युइटी’ या दोन कल्पनांपाशी तुम्ही थांबाल, तेव्हा हे कुलूप आठवा. पहिलीत प्रत्येक बिंदूपुरती वेगळी किल्ली चालते. दुसरीत सर्व बिंदूंना मिळून एकच किल्ली लागते. एवढा भेद आपल्या मातृभाषेत स्वच्छ कळला की इंग्रजी वाक्य आपोआप उलगडते. म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येक व्याख्या प्रथम मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहून काढावी आणि मगच इंग्रजीत पाठ करावी. मराठी ही त्या मुलांची अडचण नाही. योग्य रीतीने वापरली तर ती त्यांची शिडी आहे.

आता अभ्यासाच्या क्रमाकडे वळू. इतिहासाचा विद्यार्थी पेशवाई आधी वाचून शिवकाल नंतर वाचू शकेल. गणितात तशी सोय नाही. तेथे एक मजला दुसऱ्यावर उभा असतो. विद्यापीठागणिक थोडाफार फरक असतो, परंतु सामान्यतः पहिल्या वर्षी कलन म्हणजे कॅल्क्युलस, आणि त्याच्या जोडीला संच, फलन, गणिती विगमन व पूर्णांकांची विभाज्यता यांचा समावेश असलेले बीजगणित असते. दुसऱ्या वर्षी लिनिअर अल्जिब्रा, अवकल समीकरणे आणि अनेक चलांचे कलन येते. तिसऱ्या वर्षी रिअल अ‍ॅनॅलिसिस, ग्रुप व रिंग यांचे अमूर्त बीजगणित आणि मेट्रिक स्पेस हे विषय येतात. यांत सर्वांत दुर्लक्षित विषय पहिल्या वर्षाचा आणि सर्वांत महत्त्वाचा विषयही पहिल्या वर्षाचाच. बारावीत कलन ‘झाले’ आहे या समजुतीने मुले पहिले सत्र हसत-खेळत काढतात. वस्तुतः बारावीत कलनाची रीत झालेली असते. कलनाची कारणे या सत्रात शिकवितात. ती हुकली की दुसऱ्या वर्षी पाया हलतो, आणि तिसऱ्या वर्षी इमारत खाली येते. माझ्या पाहण्यातील अनेक अपयशांचे मूळ तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेत नसून पहिल्या वर्षाच्या दिवाळीपूर्वीच्या तीन महिन्यांत होते.

या अभ्यासास वेळ किती लागतो याचा हिशेब पालकांसमोर मांडतो, कारण वेळ देणे बव्हंशी त्यांच्या हाती आहे. सध्याच्या पद्धतीत अभ्यासक्रम श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये मोजतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला त्यानुसार वर्गातील अध्यापनाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक. चार श्रेयांकांचा गणिताचा एक विषय म्हणजे सत्रात साठ तास. वर्गातील प्रत्येक तासामागे घरी दोन तास, हे माझ्या मते गणितातील किमान प्रमाण होय. म्हणजे त्या एका विषयासाठी घरी एकशे वीस तास. सत्र पंधरा आठवड्यांचे धरले तर आठवड्यास आठ तास. आणि गणिताचे असे दोन विषय असले तर आठवड्यास सोळा तास, म्हणजे दररोज सव्वादोन तासांच्या आसपास. हे तास दूरदर्शनसमोर, भ्रमणध्वनी हाताशी ठेवून किंवा पाहुण्यांच्या गप्पांत बसून होत नाहीत. एक टेबल, एक दिवा आणि सव्वादोन तासांची शांतता, एवढे ज्या घरात मुलाला अथवा मुलीला मिळाले त्या घराने शिकवणीच्या फीपेक्षा मोठी देणगी दिली असे मी म्हणेन.

विद्यार्थ्यांनी त्या वेळात काय करावे? गणित डोळ्यांनी वाचावयाचे नसते, हाताने वाचावयाचे असते. प्रमेय वाचले की पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर त्याची सिद्धता लिहावी. जेथे लेखणी थांबेल तेथेच आपले अज्ञान आहे. तेवढीच ओळ पुन्हा उघडून पाहावी. प्रमेयातील एक अट काढून टाकली तर काय बिघडते हे शोधावे आणि बिघाडाचे उदाहरण एका वेगळ्या वहीत टिपून ठेवावे. अशा प्रतिउदाहरणांची वही ज्याने तीन वर्षे राखली त्याला परीक्षेचे भय उरत नाही. बाजारातील गाईडे तयार उत्तरे देतात. परंतु तयार सिद्धता पाठ करणारा विद्यार्थी प्रश्नातील एक शब्द बदलताच निरुत्तर होतो. आणि अडलेला प्रश्न दोन दिवस झुंजल्यावरही सुटला नाही तर तो विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही. पंधरा दिवस न विचारता बसणे मात्र महागात पडते.

यानंतर पदवीच्या आखणीचा प्रश्न येतो. ‘पुढे काय करणार?’ हा प्रश्न आपण तिसरे वर्ष संपल्यावर विचारतो; तो पहिल्या वर्षीच विचारला पाहिजे, कारण काही दारे विषय निवडतानाच उघडतात अथवा बंद होतात. उदाहरणार्थ, केंद्र सरकारच्या भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो. त्या परीक्षेस बसण्यासाठी पदवीत संख्याशास्त्र हा एक विषय किंवा संख्याशास्त्रातील पदव्युत्तर पदवी असावी लागते. केवळ गणित असून भागत नाही. ज्या विद्यार्थ्याने दुय्यम विषय निवडताना संख्याशास्त्र सोडले त्याने आपल्या नकळत ते दार बरेचसे लावून घेतले. ज्यास विमागणिती व्हावयाचे आहे त्यानेही संभाव्यताशास्त्र व संख्याशास्त्र पक्के करावे. आय. आय. टी. सारख्या ठिकाणी एम्. एस्‌सी. करावयाची असेल तर ‘जॅम’ ही प्रवेश-परीक्षा आहे. तिचा गाभा अ‍ॅनॅलिसिस, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप आणि अवकल समीकरणे हाच आहे, म्हणजे नियमित अभ्यास हीच तिची निम्मी तयारी. संगणकाच्या क्षेत्रात जावयाचे असेल तर लिनिअर अल्जिब्रा व संभाव्यता यांच्या जोडीला प्रोग्रॅमिंगची एक भाषा हवी. आणि ज्याला शिक्षक व्हावयाचे आहे त्याने बी. एड्. चा विचार प्रारंभापासून करावा. यांतील कोणताही मार्ग दुसऱ्याहून हलका नाही.

जी मुले आताच बारावीत आहेत त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था १९३१ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्थापिली. तिचा संख्याशास्त्राचा आणि बंगळूर केंद्रातील गणिताचा पदवी अभ्यासक्रम, तसेच चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा अभ्यासक्रम, हे देशात नावाजलेले आहेत. त्यांच्या प्रवेश-परीक्षांची चौकशी बारावीच्या प्रारंभीच करावी. निकालानंतर चौकशी करून उपयोग नसतो. पुण्यात डॉ. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. अमेरिकेत बीजगणितीय भूमितीत जगन्मान्य झालेल्या या मराठी गणितज्ञाने येथील विद्यार्थ्यांसाठी एक दालन उघडून ठेवले, याची जाणीव आपल्या कुटुंबांना असावी. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी १९९३ साली सुरू झालेले ‘एम्. टी. टी. एस्.’ हे उन्हाळी वर्गही फार मोलाचे. तेथे पाठांतराऐवजी प्रश्न विचारण्याची सवय लावतात.

आता एका नाजूक बाबीकडे येतो. सर्वांचीच वाट सरळ जात नाही. वडिलांचे आजारपण, घरची ओढाताण, नोकरीची निकड यांमुळे शिक्षण मध्येच थांबते, आणि एकदा थांबले की ते संपले असे आपण गृहीत धरतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर या स्थितीत मोठा फरक पडला आहे. वर उल्लेखिलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान १६० श्रेयांक लागतात. विहित अटी पुऱ्या करून एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. पुढे तीन वर्षांच्या आत परत येण्याची आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करण्याची तरतूदही त्यात आहे. मिळविलेले श्रेयांक ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये विद्यार्थ्याच्या नावावर जमा राहतात. प्रत्येक विद्यापीठाचे तपशील वेगळे असतात, म्हणून शिक्षण सोडण्यापूर्वी कार्यालयात जाऊन लेखी चौकशी करावी. न सांगता वर्ग सोडणारा विद्यार्थी परतीची वाट स्वतःच बुजवितो. नोकरी करणाऱ्यांसाठी १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे. शिवाय देशातील उत्तम प्राध्यापकांची गणितावरील व्याख्याने ‘एन्‌पीटेल’वर घरबसल्या आणि विनामूल्य ऐकता येतात.

परंतु नियमांपेक्षा माणसांची उदाहरणे अधिक धीर देतात. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. पदवी घेतली. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. जन्मभर ते शाळेत शिकवीत राहिले. तरीही ६१७४ ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. ज्याचे सर्व अंक सारखे नाहीत असा कोणताही चार अंकी आकडा घ्यावा, त्याचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि हेच पुन्हा पुन्हा करावे. सातांहून अधिक पायऱ्या न लागता ६१७४ येतात. घरी गेल्यावर मुलांसमवेत हा प्रयोग अवश्य करा. पदवी ही ज्ञानाची शेवटची पायरी नव्हे, हे कापरेकरांनी दाखवून दिले.

दुसरे उदाहरण विशेषतः भगिनींसाठी. डॉ. मंगला नारळीकर यांनी १९६४ साली मुंबई विद्यापीठातून गणितात सुवर्णपदकासह एम्. ए. केले. त्यानंतर त्यांचा विवाह झाला. परदेशातील वास्तव्य, संसार व तीन कन्यांचे संगोपन यांत वर्षे गेली. परंतु गणित त्यांनी सोडले नाही, आणि १९८१ साली, म्हणजे एम्. ए. नंतर सतरा वर्षांनी, त्यांनी अंकशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. पुढे २०२३ साली निधन होईपर्यंत त्या मराठीतून मुलांसाठी गणिताविषयी लिहीत राहिल्या. हे उदाहरण मी दोन कारणांसाठी देतो. ज्या भगिनींचे शिक्षण विवाहामुळे थांबले त्यांनी उशीर झाला असे मानू नये, हे एक. आणि दुसरे, वडीलधाऱ्यांना उद्देशून : सर्वांच्या अंगी ती चिकाटी असेल अशी अपेक्षा ठेवून मुलीची पदवी लांबणीवर टाकणे न्याय्य नव्हे. गणितात तुटलेला धागा पुन्हा जोडणे फार कष्टाचे असते. तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीचे स्थळ सहा महिने थांबू शकते. तिचे अ‍ॅनॅलिसिस थांबू शकत नाही. या बाबतीत ज्ञातीतील ज्येष्ठांनी शब्द टाकला तर तो ऐकला जाईल.

शेवटी मंडळास नम्र विनंती. आपण दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणांवर पारितोषिके देतो. ती जरूर द्यावीत. परंतु विद्यार्थ्याला आधाराची खरी गरज पदवीच्या पहिल्या तीन सत्रांत असते, आणि तेथे आपली यादी संपलेली असते. याकरिता मी तीन गोष्टी सुचवितो. पहिली, पारितोषिकाच्या निधीतील काही भाग दुसऱ्या वर्षात नियमितपणे पदार्पण करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राखावा. त्यात गुणांची अट नसावी, अभ्यास चालू असल्याचीच असावी. दुसरी, ज्ञातीतील पदवीधरांनी आपली जुनी पाठ्यपुस्तके मंडळाच्या कपाटात आणून द्यावीत. गणिताचे पुस्तक वीस वर्षांनीही शिळे होत नाही, आणि नवे घेण्याची ऐपत सर्वांची नसते. तिसरी, मंडळाचे सभागृह रविवारी सकाळी रिकामे असते. त्या वेळी ते अभ्यासिकेसाठी खुले करावे. ज्यांच्या घरी टेबल व शांतता नाही अशा मुलांची एक अडचण त्याने दूर होईल, आणि तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवील. शिकविण्याने शिकविणाऱ्याचेही गणित पक्के होते, हा माझा अनुभव आहे. मी निवृत्त मनुष्य आहे. त्या रविवारी फळ्यासमोर उभे राहण्यास मी सिद्ध आहे.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर झाले तेव्हा साऱ्या हिंदुस्थानाने आनंद मानला, आणि ‘रँग्लर’ हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. तसा मान सर्वांच्या वाट्यास येणार नाही, आणि यावा असा हट्टही नसावा. परंतु आज या व्यासपीठावर येऊन गेलेल्या मुलामुलींपैकी ज्यांनी गणिताची वाट धरली आहे त्यांतील एकही जण केवळ सांगावयास कोणी नव्हते, पुस्तक नव्हते किंवा बसावयास जागा नव्हती म्हणून परत फिरू नये, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.